बापाच्या कानातला कापूस

माझ्या घरात लसूण टाकून कोमट केलेलं तेल घेऊन कुणी कानाजवळ आलं, तर मी त्याला हाताला धरून उंबऱ्याबाहेर काढते. सुनेला हे तिच्या लेकाच्या पहिल्याच थंडीत कळलं. नातवाचा कान दुखत होता, ती पळीत तेल तापवत होती, आणि मी तिच्या हातातली पळी काढून घेऊन तेल मोरीत ओतलं. ती रडायला लागली. मुलगा म्हणाला, "आई, एवढं काय त्यात? सगळ्यांच्या घरी घालतात." सगळ्यांच्या घरी घालतात म्हणूनच मला संताप येतो. डॉक्टरकडे चला, एवढंच बोलून मी चपला घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिले.

मुंबईत कसली आलीय थंडी, असं बाहेरगावची माणसं हसून म्हणतात. त्यांनी लालबागच्या आमच्या चाळीत पौषातल्या पहाटे सार्वजनिक नळावर उभं राहून दाखवावं. खाडीवरून गार वारा यायचा, त्यात गिरण्यांचा धूर खाली बसलेला असायचा, आणि ओल्या केसांनी आम्ही पोरी कळश्या भरायचो. अर्ध्या चाळीला सर्दी, उरलेल्या अर्ध्या चाळीला खोकला. लोक या दिवसांना गुलाबी म्हणतात. माझ्या आठवणीत त्यांचा रंग पिवळा आहे, कानातून उशीवर उतरणाऱ्या पुवाचा.

त्या वर्षी मी शाळेत तिसरीत होते. संयुक्त महाराष्ट्राचं वारं सगळ्या गिरणगावात भरलं होतं. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा कुठे अश्रुधूर. पोरंसोरंसुद्धा 'झालाच पाहिजे' म्हणत विटीदांडू खेळायची. आई बाळंतपणासाठी गावी गेली होती आणि घराचा ताबा माझ्या आत्येकडे होता. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर तिने आमच्या शेजारच्या खोलीत खानावळ घातली होती. गिरणीतले एकटे राहणारे गडी पाळी सुटली की तिच्याकडे जेवायला यायचे. बाई कष्टाळू होती, हे मी नाकारत नाही. पण तिला प्रत्येक माणूस आपल्या हाताखालीच दिसायचा. वडील तर तिच्या शब्दाबाहेर नव्हतेच. तिनेच त्यांना कोकणातून आणून गिरणीत चिकटवलं होतं, आणि हे ती त्यांना रोज ऐकवायची.

ऐकवायची म्हणजे कसं, ते सांगायला हवं. माझे वडील साचेखात्यात होते. साचे म्हणजे माग. शेकडो माग एकाच वेळी धडधडत असतात तिथे शेजारच्या माणसाच्या कानाशी ओरडूनही उपयोग नसतो. साचेवाले ओठांवरून बोलणं ओळखतात. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, थोडे हात, थोडे डोळे. वीस मागांपलीकडच्या माणसाला 'तंबाखू आहे का' हे असं विचारता येतं. वर्षानुवर्षं त्या खात्यात काढून वडिलांचे कान जवळजवळ गेले होते, आणि खात्यातलं ते बोलणं आमच्या घरी आलं होतं. वडिलांशी बोलायचं तर समोर जायचं, तोंड त्यांच्याकडे करायचं आणि शब्द ओठांवर नीट ठेवायचा. आई तर त्यांच्याशी भांडायचीसुद्धा आवाज न काढता. मला अक्षरं वाचता यायच्या आधी ओठ वाचता येत होते.

वडिलांना सभांचं वेड. मैदानात दूर व्यासपीठ, बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत, आणि कर्ण्यातून येणारा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ते मला न्यायचे. मी व्यासपीठाकडे पाठ करून त्यांच्यासमोर उभी राहायची आणि कर्ण्यातून आलेलं वाक्यन् वाक्य ओठांनी त्यांना द्यायची. मोठमोठे पुढारी माझ्या तोंडून बोलले आहेत. आजूबाजूचे लोक आमच्याकडे बघायचे. मला त्याचा फार ताठा होता. शाळेत मी हुशार होते आणि घरात मी वडिलांचा कान होते, याहून जास्त काही माणसाला लागतं असं मला वाटत नव्हतं.

थंडीच्या सुरुवातीला मला सर्दी झाली आणि डावा कान ठणकायला लागला. ठणका असा की जबडा हलवता येईना. मग एका सकाळी ठणका एकदम थांबला आणि कान वाहायला लागला. आमच्याकडे याला कान फुटला म्हणतात. आत्याने मला मांडीवर आडवं केलं, लसणीचं तेल कानात ओतलं. तेल जास्त तापलं होतं. मी किंचाळले तर माझं डोकं कोपराने दाबून म्हणाली, "गप रव. कानात वारो शिरलो हा, तो भायर काढूक व्हयो." वारा एका कानातून दुसऱ्यात जातो, हे तिचं शास्त्र. म्हणून चांगल्या कानातही तेल. आणि वारा परत शिरू नये म्हणून दोन्ही कानांत बोळे.

ते बोळे कुठले, तर वडिलांच्या कानातले. उरलासुरला कान तरी वाचावा म्हणून वडील खात्यात कानात कापूस घालत. सूतखात्यातला एक ओळखीचा माणूस त्यांना पेळूचा, म्हणजे सूत कातायच्या आधीच्या पिंजलेल्या कापसाचा, तुकडा द्यायचा, पांढरा, मऊ, लांब धाग्याचा. गिरणीच्या फाटकावर झडती व्हायची, खिसे आणि डबा बघायचे, पण कुणाच्या कानात कुणी बघत नसे. वडील बोळे कानात घालूनच बाहेर पडायचे आणि घरी येऊन कोनाड्यात ठेवायचे. ते बोळा करायचेही सुंदर. कापूस घट्ट वळायचा, त्याला सूत गुंडाळायचं, साचेवाले तुटलेल्या धाग्याला मारतात तशी बारीक गाठ मारायची आणि दोन बोटं दोरा मोकळा सोडायचा, बोळा ओढून काढता यावा म्हणून. आत्या म्हणाली, बाजारातला कापूस गार असतो, बापाच्या कानातल्या कापसाला बापाची ऊब असते. वडिलांना ते पटलं. नुसतं पटलं नाही, त्यांना त्याचा अभिमान वाटला. त्यात दिवसभराचा घाम, मागाचं तेल, खात्यातला बारीक तूस सगळं होतं, ते कुणालाच दिसलं नाही. रोज संध्याकाळी कोनाड्यातून ताजा बोळा माझ्या वाहत्या कानात जायचा. वडिलांवर मी कधी रागावले नाही असं मी लोकांना सांगत आले. ते खरं नाही. त्यांच्यावर मी फार रागावले होते.

मी ते बोळे उपटायची. कानात सारखा समुद्र घुमायचा, खाज सुटायची, दोरा हाताला लागला की मी खेचायचीच. दोनदा आत्याने मला पकडलं. तिसऱ्यांदा तिने कात्री घेतली आणि बोळे घालायच्या आधीच त्यांचे दोरे कापून टाकले. मग डोक्यातल्या आकड्याच्या पाठीने बोळा आत सारला. "आता काढ," म्हणाली. ती स्वतः मात्र रोज जुना बोळा आकड्याच्या टोकाने उकरून काढायची.

घरात कुणालाच काही कळलं नाही. कळणार कसं? आमच्या घरात सगळे समोर येऊन, तोंड दाखवून बोलायचे. आत्या बोलली की मी वळायची, वडिलांनी ओठ हलवले की उत्तर द्यायची. दुसऱ्या कुठल्याही घरात चार दिवसांत ओरड झाली असती की पोरीला ऐकू येत नाही. साचेवाल्याच्या घरात बहिरी पोर आणि शहाणी पोर यांत फरक दिसत नाही.

शाळेत दिसला. आमच्या बाई फळ्याकडे तोंड करून शुद्धलेखन घालायच्या. मला त्यांची वेणी दिसायची, ओठ दिसायचे नाहीत. मी शेजारणीचं बघून लिहायची आणि तिच्या चुकांसकट लिहायची. एकदा बाईंनी पाठमोऱ्याच मला काहीतरी विचारलं. मी गप्प. पुन्हा विचारलं असावं. मग त्या गर्रकन वळल्या आणि आता ओठ स्वच्छ दिसले. "कानात बोळे घातलेस का गं?"

मला वाटलं, बाईंना कळलं कसं. मी उभी राहून म्हणाले, "हो बाई."

सगळा वर्ग हसला. ते मला ऐकू आलं नाही, दिसलं. बाईंना तो उद्धटपणा वाटला. त्या तरातरा आल्या आणि त्यांनी माझा डावा कान धरून पिळला. मग त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. बोटं ओली होती आणि त्यांना वास येत होता. त्यांच्या तोंडावर जी किळस आली, ती मी आजही जशीच्या तशी करून दाखवू शकते. त्यांनी बोटं खडूच्या फडक्याला पुसली आणि मला दप्तर उचलायला सांगितलं. कान कोरडा झाल्याशिवाय वर्गात यायचं नाही, इतर मुलींना लागण होईल. कान लागणीचा नसतो हे त्या शिकलेल्या बाईंना ठाऊक नसावं, किंवा असावं आणि वास नको असावा. त्यांचं नाव घेऊन मी आजवर कुणाला नमस्कार केलेला नाही.

आत्याला आनंद झाला. ती लपवणाऱ्यांतली नव्हती. आईही नाही, खानावळीत हात कमी पडतायत, आणि पोर आयती घरी आली. दुसऱ्या दिवसापासून मी लसूण सोलायला, ताटं घासायला, पाणी वाढायला. "शाळा शिकान काय बालिष्टर होतलंस?" ती म्हणायची. कानाचं रोजचं तेल चालूच होतं. आता जेवायला येणाऱ्या गड्यांनी कुरकुर सुरू केली. एकाने माझ्या हातचं पाणी परत केलं आणि नाकापुढे हात हलवला. आत्याने मला वाढायचं बंद करून मोरीपाशी बसवलं. तिथे बसून मी दप्तराकडे बघायची. ते खुंटीवर होतं. आत्याने त्याच्यावर आपली धुतलेली लुगडी टाकायला सुरुवात केली तेव्हा माझी खात्री झाली, की मी काही आता त्या शाळेत परत जात नाही.

शाळेतून काढल्याचं वडिलांना मी सांगितलं नाही का? सांगितलं. ते म्हणाले, अक्का करतेय ना, बरा होईल कान, मग जा. अक्का म्हणजे आत्या. अक्कापुढे त्यांचं गाडं कधी सरकायचंच नाही.

तेवढ्यात परळला सभा होती. वडील खात्यातून लवकर आले आणि मला घेऊन निघाले. मैदान गच्च भरलं होतं, माणसं झाडांवर, गच्च्यांवर. मी नेहमीप्रमाणे व्यासपीठाकडे पाठ करून उभी राहिले. वडिलांनी माझ्या ओठांवर डोळे लावले. माझ्या कानांत फक्त समुद्र होता. कर्ण्यातून काही येतंय हे मला पायांखालच्या जमिनीतून जाणवत होतं, शब्द एकही नाही.

तिथून घरी जायचं मला नको होतं. वडिलांचा कान हे एवढंच पद माझ्याकडे उरलं होतं, तेही गेलं तर मोरी कायमची. मग मी ठोकून दिलं. इतक्या सभा ऐकल्या होत्या, भाषण कसं असतं मला पाठ होतं. बंधूंनो आणि भगिनींनो. मुंबई आमच्या हक्काची. गोळीबारात आमची माणसं पडली, त्यांचं रक्त आम्ही विसरणार नाही. त्यांच्या घरच्या चुली आज पेटलेल्या नाहीत. मी चांगलंच बोलत असणार, कारण वडिलांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसले आणि सहज आजूबाजूला पाहिलं.

आजूबाजूचे लोक हसत होते. साधं नव्हे, पोट धरून. एक म्हातारा शेजारच्याच्या पाठीवर थापा मारत होता, कुणी टोप्या उडवत होतं. व्यासपीठावरचा वक्ता सरकारची नक्कल करत असावा. वडिलांनी त्या हसणाऱ्या तोंडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी अजून रडक्या तोंडाने चुलीबद्दलच बोलत होते.

"लोक हसतत कित्याक?" त्यांनी विचारलं.

मी मागे वळून व्यासपीठाकडे बघितलं.

ते वाकले. त्यांनी माझं तोंड दुसरीकडे वळवलं आणि माझ्या मागून काहीतरी म्हटलं असावं, कारण मानेवर त्यांचा श्वास लागला. मी काहीच बोलले नाही. त्यांनी मला परत स्वतःकडे फिरवलं. आयुष्यभर सगळ्यांनी त्यांना विचारलेला प्रश्न त्यांनी मला विचारला, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. "तुका आयकाक येता काय?" मी मान हलवली, नाही. भाषण संपायच्या आत आम्ही मैदानाबाहेर पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी खाडा करून ते मला परळच्या इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, वसकन अंगावर येणारा. त्याने कपाळाला गोल आरसा लावला, माझ्या कानात बघितलं आणि तोंड फिरवलं. मग चिमटा घातला. उजव्या कानातून एक बोळा निघाला. डाव्यातून दोन निघाले, एकामागे एक. आतला कधी राहून गेला होता कुणास ठाऊक, तो काळा पडला होता आणि कुजला होता. नर्सने नाकाला पदर लावला.

"कुणी घातलं हे?" डॉक्टरने विचारलं. "तुम्ही अडाणी लोक पोरांचे कान घालवता आणि मग इथे आणता. डाव्या कानाचा पडदा फाटलाय. उजवा सुधारेल. डाव्याचं मी काही सांगत नाही. तेल नाही, कापूस नाही, काडी नाही, कानात काही म्हणजे काही घालायचं नाही. आंघोळीचं पाणी जाऊ द्यायचं नाही. कोरडा ठेवायचा. समजलं?"

'अडाणी' हा शब्द वडिलांनी त्याच्या ओठांवरून घेतला आणि पापणीसुद्धा हलवली नाही. ते ताटलीतल्या त्या बोळ्यांकडे बघत होते. कुजलेल्या बोळ्यावर सूत गुंडाळलेलं होतं आणि सुतावर त्यांची गाठ होती. गाठीपुढचा दोरा नव्हता. त्यांनी तो बोळा बोटांत घेतला, नर्स नको नको म्हणत असताना, आणि दोऱ्याचं टोक बघितलं. तुटलेला धागा आणि कापलेला धागा यांतला फरक साचेवाल्याला कुणी सांगावा लागत नाही.

घरी आत्या पोळपाटावर होती. वडिलांनी बोळा कागदात गुंडाळून आणला होता, तो तिच्यासमोर उघडला. ती जराही घाबरली नाही. "दोरो मीच कापलंय," ती म्हणाली. "उपटून टाकी ता. मी काय भावाच्या चेडवाचा वायट करतलंय?" मग ती जी सुटली ती सुटली. गावाहून कुणी आणलं, गिरणीत कुणी लावलं, बायको नाही तर घर कोण बघतंय. वडील ऐकत होते, म्हणजे तिच्या तोंडाकडे बघत होते. मी इतक्या वर्षांत त्यांना दुसरं काही करताना पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी पाठ फिरवली.

ते काही रागाने बाहेर गेले नाहीत. तिथेच, तिच्यासमोर, भिंतीकडे तोंड करून पाटावर बसले. बहिऱ्या माणसाने पाठ फिरवली की बोलणाऱ्याचं सगळंच संपतं. आत्या ओरडत राहिली, शेजारच्या खोल्यांतली माणसं दारात आली, सगळ्या चाळीला ऐकू गेलं, एक त्यांना सोडून. ती उठून त्यांच्यापुढे गेली तर त्यांनी डोळे मिटून घेतले. असं दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. जेवायचे तिच्याकडेच, पण भिंतीकडे तोंड करून.

आठवड्याभरात माझ्या उजव्या कानातला समुद्र ओसरला. पहिला आवाज मला आला तो आत्याचाच, हेही माझं नशीब. कान कोरडा झाला होता आणि दप्तरावर अजून तिची लुगडी होती. त्या दुपारी वडील जेवत होते. तिला आता दुसरा मार्ग राहिला नव्हता. तिने माझं बखोट धरलं आणि मला त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये उभं केलं.

"सांग तुज्या बापसाक," ती म्हणाली. "शाळा खय पळान जाता? एक कान गेलेल्या चेडवाक कोण शिकवतलो? ता माज्या हाताखाली रवांदे. सांग."

वडिलांनी मान वर केली. माझ्या ओठांकडे बघून त्यांनी विचारलं, "काय म्हणता ती?"

मी सगळं ऐकलं होतं, शब्द न् शब्द. मी ओठ नीट हलवले, आवाज न काढता, सभेत हलवायचे तसे. आत्या म्हणते, सोमवारपासून हिला शाळेत धाडा. पहिल्या बाकावर बसवायला बाईंना सांगा.

वडिलांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. माझ्यामागे भिंत होती. मग ते मागे वळले आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी आत्याच्या तोंडाकडे बघितलं. ते तोंड कसलं होतं, ते त्यांना चांगलं दिसलं असणार. त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. मैदानात बघितलं होतं तसंच.

बहिऱ्या माणसांचा आवाज मोठा असतो. त्या दिवशी तो खानावळीतल्या सगळ्या पंगतीला ऐकू गेला.

"बरा," ते आत्याला म्हणाले. "अक्का म्हणता तर धाडूया."

आणि ते परत भिंतीकडे वळून जेवायला लागले.